दहाव्या आणि अकराव्या जागेमधले अंतर

१३ नोव्हेंबर २०१६ चा रविवार मी विसरणे शक्य नाही. नोटाबंदी जाहीर होऊन पाच दिवस झाले होते, बँका त्या रविवारीही उघड्या ठेवल्या होत्या, आणि हिंगणा एमआयडीसीतील माझ्या लहानशा वर्कशॉपमधल्या नऊ कामगारांच्या हातावर काहीतरी ठेवता यावे म्हणून मी सकाळी साडेसातपासून रांगेत उभा होतो. दुपारी अडीच-तीनला नंबर लागला. मिळाली तेवढी रक्कम घेऊन घरी आलो, ती नऊ जणांत कशी वाटायची याची यादी केली आणि रात्री साडेनऊला टीव्हीसमोर बसलो, कारण त्या दिवशी साओ पावलोच्या इंटरलागोस सर्किटवर फॉर्म्युला वनची ब्राझील ग्रांप्री होती.

तिथे धो धो पाऊस पडत होता. लाल झेंडा दाखवून शर्यत दोनदा थांबवावी लागली आणि ती संपली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा उलटून गेले होते. त्या शर्यतीचा विषय निघाला की लोक मॅक्स वर्स्टॅपेनने शेवटच्या फेऱ्यांत मागून येऊन पटकावलेल्या तिसऱ्या क्रमांकाबद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. ओल्या ट्रॅकवर तशी गाडी चालवलेली मी क्वचितच पाहिली आहे. माझी नजर मात्र गुणतालिकेच्या तळाशी होती. मॅनॉर या छोट्या ब्रिटिश संघाकडे त्या हंगामात एकच गुण होता, जुलैमध्ये ऑस्ट्रियात पास्कल वेर्लाइनने दहावा येऊन मिळवलेला, आणि स्वित्झर्लंडच्या सॉबरकडे एकही नव्हता. अकरा संघांत मॅनॉर दहावा आणि सॉबर अकरावा अशी स्थिती होती. पावसात मॅनॉरचा एस्तेबान ओकॉन बराच वेळ पहिल्या दहांत टिकून राहिला आणि अखेरीस बाराव्या क्रमांकावर घसरला. सॉबरचा फेलिपे नासर आपल्या मायदेशातल्या शर्यतीत नववा आला. नवव्याला दोन गुण असतात, म्हणजे सॉबर दहावा झाला आणि मॅनॉर अकरावा.

त्या काळच्या करारांनुसार व्यापारी हक्कांतून येणाऱ्या पैशाचा मुख्य वाटा पहिल्या दहा संघांतच वाटला जाई. दहाव्या जागेची किंमत एक कोटी डॉलरहून अधिक असल्याचे तेव्हा सगळीकडे लिहिले जात होते. दोन आठवड्यांनी अबुधाबीला शेवटची शर्यत झाली, तीत या दोघांपैकी कोणालाच गुण मिळाला नाही आणि हंगाम तसाच संपला. मॅनॉरशी चाललेली गुंतवणुकीची बोलणी फिसकटली. जानेवारी २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि महिना संपता संपता दोनशेहून अधिक माणसांच्या नोकऱ्या गेल्या. वर्षभरातल्या एकवीस शर्यतींत तीन चालक, दोन गाड्या आणि दोनशे माणसे यांनी केलेल्या कामाचा निकाल एका गुणाने लागला होता.

मी शर्यती तळाकडून पाहतो, त्याचे कारण माझा धंदा आहे. बाबांनी एका जुन्या लेथवर सुरू केलेल्या या वर्कशॉपमध्ये आज तीन लेथ, एक मिलिंग आणि कर्ज काढून घेतलेले एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारे मिलिंग मशीन, आहे. हिंगणा आणि बुटीबोरीतल्या मोठ्या कारखान्यांसाठी आम्ही शाफ्ट, बुश, फ्लँज असे जॉब करून देतो. ड्रॉइंगवर वीस मायक्रॉनची मर्यादा दिलेली असली की आमचा जुना टर्नर शेवटचा कट घेण्याआधी मशीन थांबवतो आणि जॉब गार होईपर्यंत हात लावत नाही, कारण गरम जॉब मायक्रोमीटरमध्ये मोठा दिसतो आणि त्या मापावर कट घेतला तर गार झाल्यावर तो लहान भरतो. नागपूरच्या मे महिन्यात ही थांबण्याची वेळ वाढते. असे काम चोख करूनही २०१३ साली एका मोठ्या गिऱ्हाइकाने आमचे बिल पाच महिने अडकवून ठेवले होते. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा तेव्हाही होता. उत्तम काम चालू असलेला कारखाना ते काम चालू असतानाच बुडू शकतो, हे मला त्या पाच महिन्यांत समजले, आणि तेव्हापासून फॉर्म्युला वनच्या बातम्यांत मी आधी संघांच्या पैशांच्या बातम्या वाचू लागलो.

मॅनॉरसारखा स्वतंत्र संघ म्हणजे ज्याच्या मागे मोटारी विकणारी कंपनी नाही, जो गाडी स्वतः आखतो आणि बांधतो, इंजिन बहुधा बाहेरून घेतो, आणि शर्यत हाच ज्याचा एकमेव व्यवसाय आहे, असा संघ. १९६० आणि ७० च्या दशकांत हीच रीत होती. केन टिरेल हे इंग्लंडमधील सरे परगण्यातले लाकडाचे व्यापारी. त्यांचा संघ ऑकहॅम गावातल्या त्यांच्या वखारीतून चालत असे, आणि तिथे बांधलेल्या गाड्यांवर जॅकी स्टुअर्ट १९७१ आणि १९७३ साली जगज्जेते झाले. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपले लकडगंज उभे राहिले. तिथल्या आरा मशीनच्या आवाजात, भुशाच्या ढिगाऱ्यांमागच्या एखाद्या शेडमध्ये जगातली सर्वांत वेगवान गाडी जोडली जात आहे, अशी कल्पना केली की त्या काळाचे मोठेपण नागपूरच्या माणसाला नीट कळते.

हे शक्य झाले ते एका इंजिनामुळे. फोर्डच्या पैशातून कॉसवर्थ कंपनीने बनवलेले डीएफव्ही इंजिन १९६७ साली झँडव्हूर्ट इथे पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्कच्या लोटसमध्ये जिंकले, आणि पुढच्या वर्षापासून ते इतरांनाही विकत मिळू लागले. ज्याच्याकडे एक हुशार आराखडाकार आणि थोडे चांगले फिटर आहेत, त्याने डीएफव्ही आणावे, ह्यूलँडचा गिअरबॉक्स आणावा, बाकीची गाडी स्वतः बांधावी आणि फेरारीशी भिडावे, अशी ती व्यवस्था होती. या इंजिनाच्या कुटुंबाने एकूण १५५ शर्यती जिंकल्या. त्यातली शेवटची, १९८३ ची डेट्रॉइटची शर्यत, टिरेलच्याच गाडीने जिंकली. सर्वांना सारख्या किमतीत मिळणारे चांगले इंजिन हा स्वतंत्र संघांचा पाया होता, आणि तो निसटला तेव्हापासून त्यांची दैना सुरू झाली, असे माझे मत आहे.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला फ्रँक विल्यम्स यांच्या संघाचा आहे. सुरुवातीच्या वर्षांत बिल न भरल्यामुळे त्यांचा टेलिफोन तोडला गेला होता आणि रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनवरून ते धंदा चालवत. १९७७ साली पॅट्रिक हेड यांच्यासोबत त्यांनी नवा संघ उभारला, १९७९ मध्ये सिल्व्हरस्टोनला क्ले रेगाझोनीने पहिला विजय मिळवून दिला, आणि १९८० ते १९९७ या काळात संघाने नऊ वेळा संघांचे विजेतेपद पटकावले. मार्च १९८६ मध्ये फ्रान्समधल्या अपघातानंतर फ्रँक विल्यम्स यांचे उरलेले आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेले. त्याच वर्षी त्यांच्या संघाने विजेतेपद मिळवले, पुढच्या वर्षीही मिळवले. आणि त्या दुसऱ्या विजेतेपदानंतर लगेच होंडाने आपले इंजिन काढून मॅकलरेनला दिले. १९८८ साली विल्यम्सला जड नावाच्या छोट्या कंपनीचे इंजिन बसवावे लागले आणि त्या वर्षी त्यांना एकही शर्यत जिंकता आली नाही. गाडी आखणारे तेच, बांधणारे तेच, चालवणारा नायजेल मॅन्सेलही तोच. एका पुरवठादाराच्या निर्णयाने जगज्जेता संघ वर्षभरात विजयाला पारखा झाला.

पुढे रेनोच्या इंजिनाने विल्यम्सला पुन्हा शिखरावर नेले आणि २००० साली बीएमडब्ल्यू आली. काही वर्षांनी बीएमडब्ल्यूला संघातच मालकी हवी होती. विल्यम्स यांनी संघ विकला नाही, म्हणून २००५ साली बीएमडब्ल्यूने पीटर सॉबर यांचा संघ घेतला. या दोन निर्णयांवर मी पुष्कळ विचार केला आहे. सॉबर यांच्या गाडीला मोठ्या कंपनीचे बळ मिळाले, २००८ साली कॅनडात रॉबर्ट कुबित्साने शर्यत जिंकली, आणि २००९ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने फॉर्म्युला वन सोडण्याचा निर्णय घेतला, तेव्हा पीटर सॉबर यांना स्वतःच उभारलेला संघ परत विकत घेऊन वाचवावा लागला. विल्यम्स यांनी संघ आपल्याकडेच ठेवला आणि त्यानंतरच्या पंधरा वर्षांत त्यांना एकच विजय मिळाला, २०१२ मध्ये बार्सिलोनाला पास्तोर माल्दोनादोचा. दोघांपैकी कोणाचे चुकले, हे मला आजही ठरवता येत नाही. मोठ्या कंपनीला शर्यत हा जाहिरातीचा एक मार्ग असतो आणि तिला परत जायला दुसरे घर असते; होंडा २००८ च्या अखेरीस गेली, टोयोटा २००९ मध्ये गेली. स्वतंत्र संघाला जायला दुसरी जागा नसते. होंडाने टाकून दिलेला संघ रॉस ब्रॉन यांनी एका पौंडाला घेतला, मर्सिडीजचे इंजिन बसवले आणि २००९ च्या सतरा शर्यतींपैकी आठ जिंकून चालकांचे आणि संघांचे अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली. तो संघ मुळात केन टिरेल यांचा होता, आणि आजचा मर्सिडीज संघ तोच आहे. लाकडाच्या वखारीतली मुळे अशी कोणाच्या तरी अंगणात अजून जिवंत आहेत.

आपल्याकडच्या प्रेक्षकांचे नाते ज्या संघाशी सर्वांत जवळचे राहिले, तो संघही असाच हातोहात फिरला. एडी जॉर्डन यांनी १९९१ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये आणला, त्याच वर्षी मायकेल शूमाकरने त्यांच्याच गाडीतून बेल्जियममध्ये पदार्पण केले, आणि १९९९ साली हा संघ तालिकेत तिसरा होता. २००५ मध्ये नरेन कार्तिकेयन जॉर्डनच्या पिवळ्या गाडीत बसला, तेव्हा मूळ मालकाने संघ विकून टाकलेला होता. १९ जून २००५ ची इंडियानापोलिसची रात्र मला आठवते: टायरच्या वादामुळे मिशेलिनचे टायर लावलेल्या चौदा गाड्या तयारीची फेरी पूर्ण करून पिटमध्ये शिरल्या आणि ग्रिडवर सहाच गाड्या उरल्या, दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. कार्तिकेयन चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. लोक त्या गुणांना कमी लेखतात, ते मला कधीच पटले नाही. ज्यांच्या गाड्या ग्रिडवर उभ्या होत्या आणि जे शेवटपर्यंत चालले, त्यांना ते गुण मिळाले. त्याच वर्षाच्या शेवटी इटलीच्या फाएन्झा गावातला मिनार्डी संघ, ज्याने २१ वर्षांत ३४० शर्यतींत अवघे ३८ गुण मिळवले पण फर्नांडो अलोन्सोसारख्याला पहिली गाडी दिली, रेड बुलने घेतला.

जॉर्डनचा पुढे मिडलँड झाला, मग स्पायकर, आणि २००८ पासून विजय मल्ल्या यांचा फोर्स इंडिया. २००९ साली बेल्जियममध्ये जियानकार्लो फिसिकेला पोल पोझिशनवरून, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरून, सुटून दुसरा आला, ती संध्याकाळ आमच्या घरी सणासारखी गेली. २०१६ आणि २०१७ या दोन्ही वर्षी हा संघ चौथा होता. आपल्याहून कितीतरी जास्त पैसा असलेल्या संघांना मागे टाकून सिल्व्हरस्टोनच्या फाटकासमोरच्या त्या जुन्या कारखान्याने हे केले, आणि माझ्या दृष्टीने त्या दशकातले ते सर्वांत उत्तम अभियांत्रिकी काम होते. तरीही जुलै २०१८ मध्ये, हंगेरीच्या शर्यतीच्याच आठवड्यात, थकलेल्या देण्यांमुळे संघ प्रशासकाकडे गेला. ती कायदेशीर कारवाई त्यांचाच चालक सर्जिओ पेरेझ याने सुरू केली होती. त्याचेही पैसे अडकले होते, आणि दुसऱ्या एखाद्या धनकोच्या अर्जावरून संघाला कायमचे टाळे लागू नये म्हणून त्याने हे पाऊल उचलले. उद्योगपती लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने संघ घेतला, ४०५ जणांच्या नोकऱ्या वाचल्या, पण कंपनी नवी म्हणून आधीचे ५९ गुण पुसले गेले. दोन वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, बहरीनला साखिर ग्रांप्रीत पेरेझने त्याच कारखान्याची गाडी पहिली आणली. आज तिथे ॲस्टन मार्टिनची पाटी आहे.

पैसे वाटण्याची पद्धत या सगळ्याच्या मुळाशी होती. २०१३ पासूनच्या करारांत फेरारीला केवळ जुना संघ म्हणून वेगळी रक्कम मिळे, आणखी काही मोठ्या संघांनी स्वतंत्र बोनस ठरवून घेतले होते, आणि चौथ्या क्रमांकावर आलेल्या छोट्या संघाला खालच्या क्रमांकावरच्या मोठ्या संघापेक्षा कमी पैसे मिळू शकत. २०१५ मध्ये फोर्स इंडिया आणि सॉबर यांनी युरोपीय आयोगाकडे याविरुद्ध तक्रार केली; पुढे ती मागे घेण्यात आली. त्याआधी २०१० साली, खर्चावर चार कोटी पौंडांची मर्यादा येणार या भरवशावर तीन नवे संघ उतरले होते. मर्यादा आलीच नाही. करुण चंढोक आणि नंतर कार्तिकेयन ज्यात होते तो एचआरटी २०१२ नंतर बंद पडला, केटरहॅमने २०१४ मध्ये शेवटच्या शर्यतीला जाण्यासाठी चाहत्यांकडून वर्गणी गोळा केली आणि नंतर दार बंद केले, तर तिसरा, व्हर्जिन नावाने आलेला आणि पुढे मारुसिया झालेला संघ, म्हणजेच हा मॅनॉर. ज्युल्स बियांकीने २०१४ च्या मोनॅको शर्यतीत नववा येऊन त्यांना पहिले दोन गुण मिळवून दिले होते. त्याच वर्षी सुझुकाच्या पावसात झालेल्या अपघातानंतर तो शुद्धीवर आला नाही आणि जुलै २०१५ मध्ये गेला. मॅनॉरच्या बंद पडण्याचे मला वाटणारे दुःख या नावामुळे अधिक आहे, हे मान्य करतो.

खर्चाची मर्यादा अखेर २०२१ मध्ये आली, १४.५ कोटी डॉलरची. पुढच्या दोन वर्षांत ती महागाईची सवलत वगळता १३.५ कोटींपर्यंत उतरली. चालकांचे मानधन, तीन सर्वोच्च अधिकाऱ्यांचे पगार आणि जाहिरात खर्च तिच्याबाहेर आहेत, तरीही वर्षाला चाळीस कोटींच्या घरात खर्च करणाऱ्यांना तिने खाली ओढले. पैशांची वाटणीही पूर्वीपेक्षा समतोल झाली. याहून मला महत्त्वाचा वाटतो तो विंड टनेलचा, म्हणजे गाडीवरून हवा कशी वाहते ते तपासण्याच्या बोगद्याचा, नियम. जो संघ पहिला आला त्याला ठरलेल्या चाचणीवेळेच्या ७० टक्केच वेळ मिळतो, पुढच्या प्रत्येक क्रमांकाला पाच टक्के अधिक, आणि दहाव्याला ११५ टक्के. मागे पडलेल्याला पैसे दिले तर ते कुठेही जिरू शकतात. शिकण्याचा वेळ दिला तर तो गाडीतच उतरतो. २०२१ ची मर्यादा ओलांडल्याबद्दल रेड बुलला ७० लाख डॉलरचा दंड झाला आणि विंड टनेलचा वेळ दहा टक्क्यांनी कापला गेला, तेव्हा या दोन शिक्षांपैकी कोणती त्यांना खरोखर लागली असेल, याबद्दल कोणत्याही कारखानदाराला शंका वाटणार नाही.

विल्यम्स घराण्याला ही मर्यादा उशिरा मिळाली. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी संघ १५.२ कोटी युरोंना डोरिल्टन कॅपिटल या अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकला आणि मॉन्झाच्या शर्यतीनंतर ते बाहेर पडले. २०२३ मध्ये प्रमुख म्हणून आलेल्या जेम्स व्हाउल्स यांनी नंतर सांगितले की गाडीच्या सुमारे वीस हजार भागांची नोंद एका एक्सेलच्या यादीत ठेवली जात होती. कोणता भाग तयार आहे, कोणता अर्धा झाला आहे, हे त्या यादीतून कळत नसे. मी हे वाचून बराच वेळ गप्प बसलो, कारण आमच्याकडची नोंद अशाच यादीत आहे आणि आमचे भाग दोनशेच्या वर जात नाहीत. २०२४ मध्ये मेलबर्नला सरावात ॲलेक्स अल्बॉनची गाडी भिंतीवर आदळली, चॅसिस, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, खराब झाली आणि संघाकडे जादा चॅसिस तयार नव्हती. संघातला दुसरा चालक लोगन सार्जंट याची धडधाकट गाडी काढून अल्बॉनला देण्यात आली. सार्जंट शर्यतभर बसून राहिला आणि अल्बॉन अकरावा आला, एका जागेने गुण हुकला.

मर्यादेची एक अडचण इथे दिसते. जुनी यंत्रे बदलायची तर भांडवली खर्चावरही बंधन होते, म्हणजे ज्यांनी बंधन येण्याआधी भरपूर यंत्रे घेऊन ठेवली त्यांचा फायदा कायम राहिला. २०२३ मध्ये मागच्या संघांना भांडवली खर्चात जास्त सूट देऊन ही चूक काही प्रमाणात सुधारली गेली, आणि ती योग्य सुधारणा होती. बँकेने मला चांगल्या मशीनसाठी कर्ज दिले नसते तर नुसत्या मेहनतीने वीस मायक्रॉन साधले नसते.

२१ सप्टेंबर २०२५ च्या रविवारी मी मेंटेनन्ससाठी वर्कशॉप उघडले होते. संध्याकाळी बाकूच्या शर्यतीत विल्यम्सचा कार्लोस साइन्झ दुसऱ्या जागेवरून सुटला आणि तिसरा आला. मोबाइल व्हीएमसीच्या पॅनलला टेकवून आम्ही पाहत होतो, मी आणि आमचा जुना टर्नर, नोटाबंदीच्या त्या आठवड्यात अर्ध्या पगारावर काही न बोलता घरी गेलेल्या नऊ जणांपैकी एक. त्याने विचारले, "भाऊ, ह्याचं इंजिन त्यायचं सोताचं हाय का?" मी म्हणालो, नाही, मर्सिडीजचे आहे. "मंग गाडी कोनाची?" गाडी त्यांची, असे मी सांगितले. तो क्षणभर थांबून म्हणाला, "मंग आपल्यासारखंच हाय. लोखंड पार्टीचं, जॉब आपला." त्या वर्षी विल्यम्स पाचवा आला. मॅकलरेनने तर मर्सिडीजचेच इंजिन विकत घेऊन २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे संघांचे विजेतेपद मिळवले आणि इंजिन बनवणाऱ्याला मागे ठेवले. डीएफव्हीच्या काळानंतर स्वतंत्र संघांसाठी इतके चांगले दिवस मी पाहिलेले नाहीत.

म्हणूनच नव्या संघांसाठीच्या दाराकडे पाहिले की मन खट्टू होते. २०२० च्या करारापासून नव्या संघाने आत येताना जुन्या संघांना एकूण २० कोटी डॉलर द्यावेत, कारण त्यांच्या वाट्यातला एक हिस्सा जाणार, असे ठरले. अँड्रेटी या अमेरिकी रेसिंग संघाच्या अर्जाला ऑक्टोबर २०२३ मध्ये मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने मान्यता दिली आणि जानेवारी २०२४ मध्ये फॉर्म्युला वनच्या व्यवस्थापनाने तो नाकारला. मागे जनरल मोटर्स पूर्ण ताकदीने उभी राहिली तेव्हाच कॅडिलॅक या नावाने २०२६ पासूनची अकरावी जागा मिळाली, आणि तिच्यासाठी मोजलेली रक्कम ४५ कोटी डॉलर, म्हणजे सुमारे ३,८०० कोटी रुपये असल्याचे छापून आले. नव्या संघाला विरोध करणाऱ्यांत विल्यम्सही होता. वर्षानुवर्षे तोट्यात राहिलेल्या कारखान्याला आपला वाटा कमी होण्याची भीती वाटते, हे मला आतून कळते. पण टेलिफोन तोडला गेलेला माणूस आज या दारातून आत आला नसता, आणि हे त्याच माणसाच्या नावाने चालणाऱ्या संघाने विसरावे, याचे मला वाईट वाटते.

दुसरी चिंता स्वतंत्र या शब्दाचीच आहे. रेड बुलकडे दोन संघ आहेत. हास या अमेरिकी संघाने २०१६ मध्ये फेरारीकडून नियमात बसतील तेवढे भाग घेऊन आणि डलारा या इटालियन कंपनीकडून चॅसिस बनवून घेऊन सुरुवात केली. २०२० मध्ये रेसिंग पॉइंटने, म्हणजे स्ट्रोल यांनी घेतलेल्या फोर्स इंडियानेच, मर्सिडीजच्या आदल्या वर्षीच्या गाडीबरहुकूम गाडी काढली आणि ब्रेक डक्टच्या (ब्रेककडे थंड हवा नेणाऱ्या नळीच्या) प्रकरणात १५ गुण व चार लाख युरो गमावले. हासला मी दोष देत नाही. तो मार्ग घेतला नसता तर तो संघ आज नसता. रेड बुलच्या दोन संघांबद्दल मात्र माझे मत ठाम आहे: एका मालकाचे दोन संघ एकाच तालिकेत असू नयेत, कारण शेवटच्या शर्यतीत दुसऱ्याची गाडी कोणाला वाट देईल, हा संशय नियमांनी दूर होत नाही. पुढच्या करारात ही मालकी संपवण्यासाठी मुदत घातली पाहिजे.

आणि प्रवेशाची रक्कम एकदम न घेता नव्या संघाच्या पहिल्या पाच-सात वर्षांच्या वाट्यातून वळती करून घेतली पाहिजे. मॅनॉरच्या काळातला दहाव्या आणि अकराव्यामधला कडा व्यवस्थापनाने पुन्हा येऊ देऊ नये. वाटणीचा उतार सलग असावा, बाराव्यालाही हंगाम पार पाडता येईल इतका. इंजिन न मिळालेल्या संघाला ते पुरवण्याचे बंधन नियमांत आहेच. २०२३ मध्ये अँड्रेटींबरोबर अर्ज केलेल्यांत हायटेक हा फॉर्म्युला टूमधला, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरचा, ब्रिटिश संघ होता, जो आजही दोन गाड्या घेऊन शर्यतीला जातो. त्याचा अर्ज महासंघाच्याच चाळणीत गळाला. नव्या करारात बारा संघांपर्यंतची तरतूद आहे, आणि अकरा जागा भरल्या आहेत.